पॅकेजची सही तपासणारी किल्ली सर्व्हरवर कशी पोहोचवावी?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचा संगणक विभाग मी सांभाळतो. आमचे नवे सर्व्हर नेटवर्कवरून बूट होतात आणि प्रीसीड फाइलच्या (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरे) आधारे त्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आपोआप इन्स्टॉल होते. बिलिंगची आणि गोदामाची पॅकेजेस आमच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) येतात. अलीकडे ती नव्या सर्व्हरवर आलीच नाहीत. पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत आमच्या रिपॉझिटरीची ओळ कॉमेंट, म्हणजे निष्क्रिय, झालेली दिसली. सहकाऱ्याने सही न तपासता पॅकेज घेण्याची मुभा देणारा पर्याय प्रीसीडमध्ये चालू केला आणि काम मार्गी लागले. हे योग्य आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : योग्य नाही. तो पर्याय आधी बंद करावा. ओळ कॉमेंट झाली हा बिघाड नव्हता. स्थानिक रिपॉझिटरीची सार्वजनिक किल्ली (सही तपासणारी; सही करणारी ती खासगी किल्ली) मिळाली नाही, तर डेबियनचा इन्स्टॉलर ती ओळ मुद्दामच कॉमेंट करून ठेवतो. डेबियनमध्ये सही सहसा प्रत्येक पॅकेजवर नसते, ती रिपॉझिटरीच्या ‘रिलीज’ फाइलवर असते. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या यादीचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) असतो आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा. त्यामुळे ती एक सही तपासणे सोडून दिले, की खालची सगळी साखळी निराधार होते आणि नेटवर्कवर मध्ये बसलेल्या कोणालाही रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालणारे पॅकेज आपल्या सर्व्हरवर घालता येते.

खरा प्रश्न किल्ली कोणत्या वाटेने आणावी, हा आहे. ज्या सर्व्हरवरून पॅकेजेस येतात त्याच सर्व्हरवरून साध्या एचटीटीपीने किल्लीही आणली, तर जो पॅकेज बदलू शकतो तो किल्लीही बदलेल आणि तपासणी नावापुरती उरेल. माझ्या मते सार्वजनिक किल्ली इन्स्टॉलरच्या इनिटआरडीमध्येच (बूट होताना मेमरीत उतरणाऱ्या इमेजमध्येच) घालावी, प्रीसीडच्या शेवटच्या आदेशाने ती नव्या यंत्रणेत नक्कल करावी आणि त्यानंतरच रिपॉझिटरीची ओळ लिहून पॅकेजेस घ्यावीत. इमेजमध्ये घालण्यापूर्वी किल्लीची संपूर्ण 40 अक्षरी फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख पटवणारी अक्षरमाला) ती तयार करणाऱ्याशी समोरासमोर किंवा फोनवरून पडताळावी. शेवटच्या 8 अक्षरांवर विसंबू नये, कारण तेवढी जुळणारी बनावट किल्ली सहज तयार करता येते. एक मर्यादाही ध्यानात असू द्यावी : नेटवर्क बूटसाठीच्या टीएफटीपी या साध्या पद्धतीने येणारी इनिटआरडी स्वतः कोणी तपासत नाही, म्हणून इन्स्टॉलेशनचे नेटवर्क कारखान्याच्या रोजच्या नेटवर्कपासून वेगळ्या व्हीलॅनवर (स्वतंत्र आभासी नेटवर्कवर) ठेवणे आवश्यक आहे.

किल्ली ॲप्टच्या (डेबियनमध्ये पॅकेजेस आणणाऱ्या साधनाच्या) सर्वसाधारण ट्रस्टेड फोल्डरात टाकू नये. तिथे ठेवलेली किल्ली प्रत्येक रिपॉझिटरीसाठी ग्राह्य धरली जाते, म्हणजे आपल्या बिलिंगच्या किल्लीने सही केलेली डेबियनची नकली यादीही चालून जाईल. ती कीरिंग्ज फोल्डरात ठेवून रिपॉझिटरीच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने तिचा मार्ग द्यावा.

सर्वाधिक घोळ मुदतीपाशी होतो. किल्लीची मुदत वाढवली, तरी फिंगरप्रिंट तीच राहते आणि त्यामुळे काहीच बदलले नाही असे वाटते. प्रत्यक्षात नवी तारीख सार्वजनिक किल्लीच्या नव्या प्रतीतच असते आणि इमेजमधली व चालू सर्व्हरवरची जुनी प्रत ठरल्या दिवशी कालबाह्य होतेच. यासाठी डेबियन स्वतः करते तसेच करावे : सार्वजनिक किल्लीचे एक छोटे कीरिंग पॅकेज बनवून ते सर्व सर्व्हरवर ठेवावे. मुदत वाढवली किंवा नवी किल्ली आणली, की जुनी मुदत संपण्याच्या कितीतरी आधी या पॅकेजची नवी आवृत्ती पाठवावी आणि त्याच दिवशी इनिटआरडीही नव्याने बांधावी. मुदत उलटल्यावर तीच रिपॉझिटरी अग्राह्य ठरते. मग तिच्यातून सुधारित किल्ली पाठवण्याची सोय उरत नाही आणि प्रत्येक सर्व्हरवर हाताने काम करावे लागते.

खासगी किल्ली प्रीसीडमध्ये, गिटमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) किंवा बूट सर्व्हरवर कधीही नसावी. प्रीसीड फाइल तर त्या नेटवर्कवरील कोणालाही वाचता येते. मुख्य किल्ली नेटवर्कबाहेर, पेनड्राइव्हवर तिजोरीत ठेवावी आणि रिपॉझिटरीच्या सर्व्हरवर केवळ सही करणारी उपकिल्ली द्यावी. तो सर्व्हर फुटला, तर उपकिल्ली रद्द करून मुख्य किल्लीखाली नवी काढता येते. मात्र रद्द झाल्याची खबर ॲप्ट आपणहून कुठून आणत नाही. ती सुधारित सार्वजनिक किल्लीबरोबरच जाते. फुटलेल्या उपकिल्लीच्या सहीवर मात्र हे सुधारित कीरिंग पॅकेज पाठवू नये, ते एसएसएचने (सुरक्षित दूरस्थ लॉगिनने) थेट सर्व्हरवर बसवावे.