जोडीतील क्लाउनफिश अचानक आक्रमक का होतात?

प्रश्न : आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील क्लाउनफिशची जोडी दोन वर्षे गुण्यागोविंदाने राहत होती. पंधरा दिवसांपासून मोठा मासा लहान माशाच्या अंगावर धावून जातो आणि लहान मासा एका कुशीवर कलून थरथरतो. त्याला झटके येत असतील का? दोघांना वेगळे करावे का?

उत्तर : हे थरथरणे बहुधा झटक्यांचे नाही; ती शरणागतीची खूण आहे. क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो, त्यामुळे आपला मोठा मासा मादी असण्याचीच शक्यता अधिक असून, धाकट्याने अंग थरथरवून तिचे वर्चस्व मान्य केले, की सहसा पाठलाग तिथेच थांबतो. अंडी घालण्याच्या सुमारास हा दरारा वाढतो. दोघे एखादा दगड तोंडाने घासून स्वच्छ करत आहेत का, हे अवश्य पाहावे. तसे असल्यास काळजी नको, मात्र टाकीत हात घातल्यास चावा बसू शकतो.

तरीही पाणी तपासावेच. अमोनिया आणि नायट्राइट या माशांना विषारी द्रव्यांचे प्रमाण शून्य असावे.

लहान माशाचे पर फाटले, तो कोपऱ्यात दडून राहू लागला किंवा त्याने खाणे सोडले, तर एक दिवसही न थांबता त्याला त्याच टाकीत छिद्रांच्या पेटीत ठेवावे. दोघेही थरथरणे सोडून एकमेकांचे जबडे धरत असतील, तर मात्र दोन्ही माद्या असू शकतात, आणि मादीचा पुन्हा नर होत नसल्याने त्यांना कायमचे वेगळे ठेवावे लागेल.