रडार म्हणतं ४०, मापक म्हणतं २२

भाऊ, रडारवर ४० मिमी पाऊस दिसला आणि तुमच्या पर्जन्यमापकात २२ मिमीच भरला, म्हणून मापक बिघडलेलं नाही, घाबरू नका. नागपूरचं डॉप्लर रडार, म्हणजे लहरी सोडून दूरचा पाऊस टिपणारं यंत्र, जमिनीवर पडलेलं पाणी मोजत नाही. थेंबांवर आदळून परतलेल्या लहरींवरून ते अंदाज बांधतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे आणि लहर थोडी वरच्या दिशेने सोडल्यामुळे दीडशे किलोमीटरवर त्याची खालची लहरसुद्धा जमिनीपासून सुमारे अडीच किलोमीटर उंच जाते. तिथला थेंब वाऱ्याने शेजारच्या शिवारात पडतो, कधी वाटेतच आटतो. गारा असल्या की रडारचा आकडा फुगतो.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- मापक कडुलिंबाखाली, गोठ्याच्या भिंतीजवळ नको. झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवा. नवे लोक इथेच चुकतात.
- रोज सकाळी साडेआठला नोंद. कोरडा दिवस असला तरी ० लिहा.
- नरसाळं रोज बघा. माझ्याकडे एकदा कोळ्याच्या जाळ्यात तुरीचा पाला अडकला आणि आठवडाभराच्या नोंदी वाया गेल्या. फार वाईट वाटलं.

एकेका सरीची तुलना नको, चोवीस तासांची करा. सर कुठून येतेय ते रडारवर बघा. तुमच्या बांधावर किती पडला, त्यासाठी मापकावरच विश्वास ठेवा. लहरींवरून पाऊस काढायच्या सूत्रांच्या मागे आत्ता लागू नका. दिवाळीत भरलेली वही घेऊन या, तेव्हा सोबत बसू.