प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात. दहावी-बारावीच्या मुलांना पालकांनी नेमकी काय मदत करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा बारावी सायन्सला आहे आणि त्याला इंजिनिअरिंगला जायचंय, मुलगी दहावीला आहे, दोघांचेही प्रवेश एकाच उन्हाळ्यात येणार आणि तालुक्याच्या गावात ज्याला विचारावं तो वेगळाच नियम सांगतो. शिवाय एक काउन्सेलर पैसे मागतोय, ते द्यावेत का, असंही विचारलंय.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि दर जून-जुलैत प्रवेशाच्या मार्गदर्शन केंद्रावर बसते. तिथे जे दिसतं त्यावरून सांगते. नियम पुष्कळ बदललेत, पण त्यातला एक बदल पालकांच्या अजून पुरता लक्षात आलेला नाही. पूर्वी यादी लागली की घरी बसून विचार करायला सवड असायची. आता निर्णय पसंतीक्रम भरतानाच होऊन जातो.

आधी मुलाचं बघू. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, 2025-26 पासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत यादीतला पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर सीट आपोआप फ्रीज होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला तरी तेच, आणि चौथीत जे मिळेल ते. फ्रीज झाली म्हणजे तीच सीट घ्यायची, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्या विसरायच्या. त्या मर्यादेखालचा पर्याय मिळाला तरच 'बेटरमेंट' मागून पुढच्या फेरीत जाता येतं, आणि तिथे वरचं काही मिळालं की आधीची सीट आपोआप जाते.

अकरावीचंही तसंच. मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती इथे असलेले ऑनलाइन प्रवेश 2025-26 पासून राज्यभर लागू झाले. जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव येत नाही.

गेल्या हंगामात एक मुलगी वडिलांबरोबर केंद्रावर आली होती. हातात पसंतीक्रमाची प्रिंट, पाचव्या ओळीवर पेन्सिलीने गोल केलेला. तिला घरापासून तासाभरावरच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं, आणि सीईटी या प्रवेश परीक्षेतल्या तिच्या पर्सेंटाइलला ते मिळण्यासारखं होतं. पण वरच्या चार ओळींत लांबच्या शहरातली नावाजलेली कॉलेजं आणि तिला नको असलेल्या शाखा. 'वर मोठी नावं टाकायचीच असतात, मिळतंय कुठे' असं कुणीतरी सांगितलेलं. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या ओळीतलं कॉलेज मिळालं आणि फ्रीज झालं. वडील विचारत होते, 'मॅडम, आम्ही नको म्हणून लिहून दिलं तर?' त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून मदत करायची ती इथे. मुलाला एक कोरा कागद द्या आणि आधी त्याला एकट्याला यादी करू द्या. मग शेजारच्या दोन-दोन ओळी घेऊन एकच प्रश्न विचारत जा: ही दोन्ही मिळाली तर कुठलं घेशील? उत्तर खालचं आलं तर ओळींची अदलाबदल करा. शेवटी वरच्या सहा ओळी वेगळ्या काढा. त्यात असं एकही नाव नको, जे मिळाल्यावर घरात सुतकी शांतता पसरेल. हे काम दोन-तीन संध्याकाळींचं आहे, शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता होणारं नाही.

याच्या उलट चूकही तितकीच होते. 'वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल' या भीतीने मुलं खऱ्या आवडीचं कॉलेज खाली ढकलतात. तसं काही होत नाही. मेरिट क्रमांकाप्रमाणे मुलाची पाळी आली की त्याची यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे जागा आहे तिथे तो बसतो. पहिलं नाही मिळालं म्हणून दुसऱ्याचा हक्क कमी होत नाही. तेव्हा पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय मनापासून हवं असेल तर ते पहिल्या ओळीतच लिहावं, मग पर्सेंटाइल काहीही असो. यादी मात्र लांब ठेवा. शेकडो पर्याय भरायची मुभा असताना मुलं बारा-पंधरा भरून थांबतात आणि चौथ्या फेरीनंतरही हात रिकामे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कटऑफ बघताना व्हॉट्सअॅपवर फिरणारे तक्ते बघू नका, सीईटी सेलच्या, म्हणजे ही परीक्षा आणि प्रवेश घेणाऱ्या सरकारी कक्षाच्या, संकेतस्थळावरची फेरीनिहाय पीडीएफ उघडा. प्रत्येक रकान्याला एक कोड असतो. जीओपनएच म्हणजे खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण जागा, गृह विद्यापीठातली, म्हणजे मुलाच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या हद्दीतली. सुरुवातीला एल असेल तर ती मुलींसाठीची, शेवटी एस असेल तर राज्यस्तरावरची. आपल्याला लागू नसलेला रकाना वाचून हुरळलेली आणि खचलेली, दोन्ही प्रकारची घरं मी पाहिली आहेत. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आजी-आजोबांनाही एकदा समजावून सांगा. 90 पर्सेंटाइल म्हणजे दर शंभरातली साधारण दहा मुलं पुढे आहेत, पेपरात 90 टक्के पडले असं नाही.

2026 पासून पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि पीसीबी (मॅथ्सऐवजी बायॉलॉजी) गटांची सीईटी वर्षातून दोनदा झाली आहे. पहिली द्यावीच लागते, दुसरी ऐच्छिक, आणि दोन्ही दिल्या तर जास्त पर्सेंटाइल धरला जातो. पहिली बरी गेली नाही तर दुसरी जरूर द्यावी, पण पहिलीला 'सराव' समजू नये. पेपरातला साधारण 80 टक्के भाग बारावीचा, 20 टक्के अकरावीचा आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

फीबद्दल एक गोष्ट. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलाला टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफी योजनेच्या, जागा मागता येतात, तिथे ट्यूशन फी लागत नाही. त्यांचा चॉइस कोड (यादीत भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी टी असलेला, आणि तो यादीत स्वतंत्रपणे भरावा लागतो. नुसतं उत्पन्नाचं प्रमाणपत्र जोडून ही जागा मिळत नाही. मुलींसाठी 2024-25 पासून वेगळी सवलत आहे: ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसीमधल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मात्र प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. तुमच्या मुलीला दोन वर्षांनी हे उपयोगी पडू शकेल, आत्ताच वहीत लिहून ठेवा.

कागदपत्रं मार्चच्या आत गोळा करा. जून उजाडला की सेतूत रांगा आणि सर्व्हर डाऊन. राखीव प्रवर्ग असेल तर जात वैधता सगळ्यात आधी, तिला महिने लागतात, आणि अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करता येतो. नॉन क्रीमी लेयर मात्र प्रवेशाच्या आर्थिक वर्षात चालू असणारं आहे ना ते बघा, त्याची मुदत 31 मार्चला संपते. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांवर नाव अगदी सारखं हवं. वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी पडताळणीत अर्ज परत येतो.

मुलीच्या अकरावीबद्दल मला एकच काळजी वाटते, ती अंतराची. राज्यभर प्रवेश खुले झाल्यावर मुलं उत्साहाने जिल्ह्याच्या ठिकाणची कॉलेजं भरतात आणि सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला एसटी पोचत नाही, हे ऑगस्टमध्ये कळतं. पसंती भरण्याआधी त्या वेळेच्या गाडीने एकदा जाऊन या, मुलीला घेऊन. आणि 'हजेरीची काळजी करू नका, क्लास आम्ही बघतो' असं सांगणाऱ्या कॉलेजांना दहातल्या एकाही ओळीत जागा देऊ नका. तिथे दोन वर्षं प्रयोगशाळाच न पाहिलेली मुलं बारावीच्या तोंडावर माझ्याकडे विचारायला येतात आणि माझ्याकडे त्यांच्यासाठी उत्तर नसतं.

काउन्सेलरला पैसे देऊ नका. त्याच्याकडची सगळी माहिती माहिती-पुस्तिकेत आणि कटऑफच्या पीडीएफमध्ये फुकट आहे, आणि न समजलेलं सांगायला सरकारी मार्गदर्शन केंद्रं आहेत. द्यायचेच असतील तरी लॉगिन आणि पासवर्ड देऊ नका, आणि नोंदणीला मोबाइल नंबर तुमचाच द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. परस्पर पसंतीक्रम बदलून फॉर्म लॉक (कायम) केल्याच्या तक्रारी दर वर्षी येतात, आणि ओटीपी ज्याच्या फोनवर गेला त्यानेच तो भरला असं धरलं जातं. लॉक करताना बटण मुलाला दाबू द्या, तुम्ही शेजारी बसा, आणि प्रिंट काढून पहिल्या सहा ओळी त्याला मोठ्याने वाचायला लावा.