पुण्यात सिग्नल-कॅमेऱ्यांसारख्या सार्वजनिक कामात साहित्य आणि परवानग्यांच्या अडचणींचा आधीच विचार कसा करावा?

तुम्ही लिहिले आहे की पुण्यातील तीस चौकांत नवे सिग्नल आणि कॅमेरे बसवण्याच्या कामावर तुम्ही कंत्राटदाराकडे नुकतेच रुजू झाला आहात, कार्यादेश जानेवारीअखेर मिळणार आहे, मुदत सहा महिन्यांची आहे आणि साहित्य वेळेवर आले नाही तर काय, ही तुमची काळजी आहे. अशाच कामांवर मी अकरा वर्षे साइट अभियंता म्हणून काढली आहेत. माझ्या अनुभवात साहित्य उशिरा आल्याने जितकी कामे अडली, त्याहून अधिक ते येऊन पडले पण रस्ता तयार नव्हता म्हणून अडली. त्यामुळे वेळापत्रक कार्यादेशाच्या तारखेपासून पुढे मोजू नका. रस्ता तुम्हाला कोणत्या दिवसांत हात लावू देणार आहे, तिथून मागे मोजत या.

महापालिका खोदाईची परवानगी साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिलअखेर एवढ्याच काळासाठी देते. म्हणजे तुमच्या सहा महिन्यांपैकी जमिनीतले सगळे काम तीन महिन्यांत बसवायचे आहे, आणि खोदाईचे शुल्क भरणे व वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्र मिळवणे यांत त्यातलाही पंधरवडा सहज जातो. पुढे जून-जुलैत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात मुक्कामाला असतात आणि मग गणेशोत्सव येतो. मिरवणुकीच्या मार्गावर उघडा खड्डा तर सोडाच, रस्त्यावर झुकलेला सिग्नलचा आडवा हातही खपत नाही. लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रो मार्गाच्या उंचीमुळे विसर्जनाचे रथ अडतील, अशी हरकत गणेश मंडळांनी २०२१ साली घेतली होती, हे तुम्हाला आठवत असेल. तुमच्या तीस चौकांतले जे मिरवणुकीच्या वाटेवर आहेत, तिथल्या कार्यकर्त्यांना खांब बनवायला टाकण्याआधी भेटा.

निवडणुकीचे वर्ष असेल तर आचारसंहिताही मोजा. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत होती. कार्यादेश हातात असूनही जागेवर काम सुरू झालेले नसेल, तर या काळात ते सुरू करता येत नाही. त्या वर्षी खोदाईच्या हंगामाची दोन्ही टोके अशी गेली.

आता साहित्याबद्दल. सगळे लक्ष सिग्नलचे दिवे चालवणारा कंट्रोलर आणि कॅमेरे यांच्याकडे असते आणि काम अडते ते फाउंडेशन बोल्टपाशी, म्हणजे पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या, खांब धरून ठेवणाऱ्या बोल्टांपाशी. काही वर्षांपूर्वी कर्वे रस्त्यावरील एका चौकात रात्री एक वाजता आम्ही खांब उभा करत होतो. पोलिसांनी अकरा ते पाच एवढीच वेळ दिली होती, हायड्रा क्रेन तासाच्या भाड्याने आणली होती, खांब पट्ट्यात लोंबकळत होता आणि खांबाच्या तळाशी असलेल्या बेस प्लेटची भोके काही केल्या बोल्टांवर बसेनात. पाया तीन आठवड्यांपूर्वी भरलेला होता. बोल्ट एका फॅब्रिकेटरकडून स्वस्तात घेतलेले, खांब दुसऱ्या कारखान्यातून आलेला, आणि दोघांच्या नकाशांत बोल्टांमधील अंतरात वीस मिलिमीटरचा फरक. मिस्त्रीने टेप काढून तीनदा मोजले आणि काही न बोलता तो दुभाजकावर जाऊन बसला. पाया फोडणे, नव्याने भरणे, काँक्रीटला ताकद येऊ देणे आणि रात्रीची परवानगी पुन्हा मिळवणे यांत पाच आठवडे गेले. त्या चौकाचा कंट्रोलर तोवर गोदामात खोक्यात होता. तेव्हापासून बोल्ट, त्यांना नेमक्या अंतरावर धरणारा साचा म्हणजे टेम्प्लेट आणि खांब मी एकाच कारखान्याकडून घेतो आणि टेम्प्लेट सर्वांत आधी मागवतो.

खोकी लवकर येण्याचेही दुखणे असते. साहित्य पोहोचताच मोठी रक्कम देण्याची अट निविदेत असेल, तर पुरवठादार पहिल्याच महिन्यात सगळा माल आणून टाकतो; त्याचे पैसे अडकलेले असतात, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या नुसत्या पडून राहिल्या तरी उतरतात. त्यांना साधारण सहा महिन्यांच्या आत एकदा चार्ज करावे लागते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की उतरण जवळजवळ दुप्पट होते. पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढलेली बॅटरी चौकात किती तास टिकेल, याचा अंदाज करा. हमी पुरवठ्याच्या तारखेपासून मोजायची की काम चालू झाल्यापासून, हेही करारात आजच पाहून ठेवा. कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-चाचणीच्या अटी केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचित केल्या आणि त्या एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. मंजूर झालेले मॉडेल त्या चाचणीतून गेलेले आहे का, याचे प्रमाणपत्र ऑर्डर देण्यापूर्वी मागवा. मॉडेल बदलावे लागले तर मंजुरीची सगळी वाट पुन्हा चालावी लागते.

वीजजोडणीचा अर्ज बहुतेक जण शेवटी करतात. महावितरणच्या दृष्टीने तुमचे तीस चौक म्हणजे तीस ग्राहक: प्रत्येकाचा अर्ज, जागेची पाहणी, कोटेशन, भरणा, मीटर. अर्ज महापालिकेच्या नावाने करायचा असेल तर सहीचे पत्रच आठवडाभर फिरते.

तुमच्या कामापुरते सांगायचे तर फेब्रुवारीत प्रत्येक चौकात एक चाचणी खड्डा घ्या, विशेषतः पेठांत. तिथे जुन्या जलवाहिन्या आणि केबल कुठे निघतील याचा नेम नसतो. कात्रजच्या तलावातून पाणी आणणारा पेशवेकालीन नळही याच शहराच्या पोटातून गेलेला आहे. पाये, चेंबर आणि डक्ट (केबल ओढण्यासाठी जमिनीत टाकलेले पाइप) एप्रिलअखेर संपवा आणि डक्टमध्ये दोरी ओढून दोन्ही तोंडे बंद करा. कंट्रोलर पावसाळ्यात गोदामातील टेबलावर जोडून चालवून पाहा. जे चौक एप्रिलमध्ये होणार नाहीत असे दिसते, त्यांच्या मुदतवाढीचे पत्र मार्चमध्येच परवानग्यांच्या तारखांसह द्या आणि त्याची पोच घ्या. तेच पत्र जुलैमध्ये दिले, तर दंड तुमच्या देयकातून कापला जाण्याची शक्यता जास्त.