दोन तुळशी वाळल्या, आता बागकामाने मन शांत होतं यावर विश्वास कसा ठेवू?

नोकरी, घर, दोन मुलं. कुणीतरी सुचवलं की स्वतःसाठी म्हणून झाडं लाव, बरं वाटेल. वर्षात दोन तुळशी वाळल्या आणि आता वर अपराधी वाटतंय. तुमचा प्रश्न मला असा समजला. आधी तुळशींचं बोलते, कारण घोडं तिथेच अडलंय.

वाड्यातलं तुळशीवृंदावन म्हणजे कमरेएवढा मातीचा साठा. त्यात रोज तांब्याभर पाणी ओतलं तरी ते खाली झिरपून जायचं. आपण तोच तांब्या गॅलरीतल्या सहा इंची कुंडीत रिकामा करतो. माती कायम चिकचिकीत राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पानं माना टाकतात. माना टाकल्या म्हणून आपण अजून पाणी घालतो! माझ्या माहितीतल्या बहुतेक तुळशी भक्तीनेच गेल्यात. माझ्या धरून चार. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत तर झाड सगळा जोर बियांवर लावतं आणि लवकर संपतं, हेही एक कारण.

आता मन शांत होण्याचं. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढची अडीच वर्षं त्या अंथरुणावर होत्या. दिवसा मदतीला बाई यायची, रात्र माझी. कूस बदलणं, पाणी, औषध, परत कूस. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘त्या कशा आहेत?’ साहजिक आहे, पण मी कशी आहे हे सांगायची सवयच मोडली. त्या दिवसांत भाजीवाल्याने दिलेल्या पुदिन्याच्या चार काड्या मी पेल्यात पाण्यात ठेवल्या होत्या. आठवड्याभरात त्यांना पांढरी मुळं फुटली. मी जुन्या बादलीला तळाशी भोकं पाडली आणि काड्या त्यात लावल्या. बाग म्हणतात ती एवढीच.

त्यानंतर सकाळी सहा ते सव्वासहा मी गॅलरीचं दार ओढून घ्यायला लागले. मोबाइल आत. बादलीशेजारी श्रीखंडाच्या डब्यांत मेथी आली. स्वयंपाकघरातल्या मेथीचेच दाणे रात्रभर भिजवून पेरायचे, तिसऱ्या दिवशी हिरवं टोक दिसतं. घरात काहीच पुढे सरकत नव्हतं. डॉक्टर ‘बघू’ म्हणायचे, फिजिओथेरपिस्ट ‘हळूहळू’ म्हणायचे. मेथी मात्र कालच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर वर असायची. मला त्या अर्ध्या सेंटिमीटरची फार गरज होती.

एक कबुली देते. एकदा सासूबाईंची खाट दारापाशी आणली, तर त्यांनी बऱ्या हाताने खूण करून सांगितलं की कोथिंबीर फार दाट पडलीय. बरोबर होतं त्यांचं, जन्म शेतावर गेलेला. पण मला इतका राग आला की मी दार लावून घेतलं. निदान ही तीन फूट जागा तरी माझ्या चुकांची असू दे, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी कोथिंबीर विरळ केली, तेही खरं.

यावर शास्त्र काय म्हणतं, असंही तुम्ही विचारलंय. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ३० जणांना आधी डोकं शिणवणारं काम दिलं. मग काहींना अर्धा तास बाहेर बागकाम करायला लावलं, बाकीच्यांना घरात वाचत बसवलं. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांचं जास्त. मात्र ही सगळी मंडळी मुळात बागेची हौस असलेली होती, शिवाय एक गट उघड्यावर आणि दुसरा चार भिंतींत. त्यामुळे ज्याला मातीत हात घालायचा कंटाळा आहे त्यालाही हेच लागू पडेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तुम्हाला चालताना किंवा विणताना बरं वाटत असेल तर तेच करा, कुंड्यांचं ओझं घेऊ नका. आणि झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे काहीच नको वाटत असेल, तर पुदिन्याच्या भरवशावर राहू नका. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ वर मोफत आहे, तिथे बोला किंवा डॉक्टरांकडे जा.

करून बघायचंच असेल तर नर्सरीत जाऊन गुलाब आणू नका. शेजारणीकडून पानाच्या ओव्याची एक फांदी मागा. ती कशीही खोचली तरी जगते, आणि पानांची भजी होतात. पाणी घालण्याआधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, वार कोणताही असो. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंगीचे डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. फोटो काढून ग्रुपवर टाकायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी टाकायचे बंद केले, कारण तिथे लगेच कुणाची तरी बाग माझ्यापेक्षा मोठी निघायची आणि संध्याकाळ त्यातच जायची.

तिसरी तुळस आणणार असाल तर कुंडी निदान दहा इंची घ्या, लाल मातीत शेणखत आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा, तळाचं भोक बुजलं नाही ना ते बघा, आणि ऊन येतं त्या कोपऱ्यात ठेवा. घरातलं कुणी पूजेचं पाणी घालणारच असेल तर वाद घालू नका. तांब्या उचलून ठेवा आणि तुळशीजवळ पळी-पंचपात्र मांडा. पळीभर पाणी देवालाही चालतं.