गोधडीचा धंदा वाढवायचाय? आधी शिलाईची मजुरी दरात धरा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळांच्या गोधड्या शिवताय, ओळखीतून ऑर्डरी येतायत, एक गोधडी ९०० ला जाते, एकट्याचा हात पुरत नाहीये आणि आता एका दुकानवालीने एकदम ४० नग मागितलेत. तर बायका कामाला घेऊ का, इन्स्टावर जाहिरात करू का, प्रदर्शनात स्टॉल घेऊ का, असं विचारलंय. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, आधी बाळांची दुपटी-गोधड्या आणि आता जास्त करून लोकांच्या घरच्या साड्यांच्या गोधड्या, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

यातलं काहीही करायच्या आधी दर बदला. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

तुमचीच गोधडी धरू, ३० बाय ४० इंच, हाताने धावदोरा घातलेली. कापडाचे २२०, दोरा आणि काठपट्टी ६०, पिशवी-लेबल ४०, हे झाले ३२०. आता ओळी अर्ध्या-पाऊण इंचावर घेतल्या तर सरावाच्या हातालाही बारा तास लागतात, मध्ये दूध उतू जातंय, मुलं येतायत ते सोडून. तासाला फक्त ६० धरले तरी ७२०. म्हणजे गोधडी घरातच १०४० ला पडली आणि तुम्ही ती ९०० ला देताय. आत्ता हे जाणवत नाही कारण शिवणाऱ्या तुम्हीच आहात, स्वतःचे तास कुणी मोजत नाही. पण ज्या दिवशी शेजारच्या वहिनींना शिवायला द्याल त्या दिवसापासून प्रत्येक नगामागे १४० खिशातून जाणार, आणि ऑर्डर जितकी मोठी तितका खड्डा मोठा. आपल्याकडे कितीतरी चांगल्या हाताच्या बायकांचं काम इथेच थांबतं, मागणी असते पण वाढवायला गेलं की पैसे पुरत नाहीत, मग 'हातकामाला किंमत नाही' म्हणून सोडून देतात. किंमत असते हो, आपणच लावलेली नसते.

म्हणून दर असा काढायचा की आपण एकही टाका घालणार नाही असं समजायचं. १०४० वर तुमचं कापड आणणं, कापणं, फोन, तपासणी याचे साधारण दोनशे, आणि वर दुकानाचा वाटा, तो साधारण ३० ते ४० टक्के मागतात. १९०० छापील किंमत ठेवली आणि दुकानाने ३५ टक्के घेतले तर हातात १२३५ येतात, तुमचे १९५ सुटतात. फार नाहीत, पण तोटा नाही. आणि घरून विकतानाही १९०० च घ्यायचे, दुकानात १९०० आणि तुमच्याकडे १२०० हे दुकानवालीला कळलं की ती पुन्हा माल घेणार नाही.

१९०० कोण देणार ही भीती मला माहितीये, सगळ्यांनाच वाटते. मशीनचं दुपटं अडीचशेला मिळतं म्हणणारी बाई तुमची गिऱ्हाईक नव्हतीच, तिच्यासाठी दर पाडू नका. बारशाला, डोहाळजेवणाला काहीतरी खास द्यायचंय अशी आत्या-मावशी देते. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिका-लंडनला निघालेली आई तर नक्की देते, ती बॅगेत डिंकाचे लाडू आणि गोधडी आधी भरते, बाकी सामान मग. अशांना फोटोत उलटी बाजू दाखवा, हाताचा टाका मागून दिसतो आणि त्याचेच पैसे असतात. कडा मशीनवर मारत असाल तर तसं स्पष्ट सांगा, त्याने दर थोडा खाली आणता येतो, पण मशीनचं हातचं म्हणून कधीच विकू नका.

बायका कामाला घ्यायच्या तर महिन्याच्या पगारावर नको, नगावर द्या, फक्त नगाचा दर तासावरून काढा. कापून, थर लावून, कच्चा टाका घालून किट तयार करूनच द्यायचं, सोबत मोजून दोरा आणि तळहाताएवढा नमुना, ज्यावर इंचाला चार टाके घातलेत. शब्दात सांगितलेलं प्रत्येकीला वेगळं कळतं, नमुना हातात असला की वाद नाही. गोधडी परत आली की पालथी करून गाठी बघायच्या (बाळाच्या अंगाला टोचतात), दोरा ओढून घेतल्याने कापड चुणलंय का बघायचं, आणि बरोबर असेल तर पैसे त्याच दिवशी. गिऱ्हाईकाने दिले की देते असं बिलकुल नाही, वेळेवर पैसे मिळाले तर ती बाई दिवाळीच्या घाईत दुसऱ्याचं काम बाजूला ठेवून तुमचं करते.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण माझ्या मते तुमचा धंदा तिथेच वाढेल: घरच्या साड्यांची गोधडी. आजी गेली, कपाटात तिच्या साड्या आहेत, नेसणारं कोणी नाही, टाकवत नाहीत. यात कापडाचा खर्च जवळपास नाही, तुलना कुणाशी नाही, आणि एकीने केली की तिच्या जावा-नणंदा येतात. पण काम जोखमीचं आहे कारण साडी एकदा कापली की संपलं. साडी आली की उजेडाकडे धरून बघा, विरलेली जागा लगेच कळते. नऊवारीत बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या तळाशी कापड गेलेलं असतं, पदर आणि काठ बहुतेक धड असतात. मग घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणायचं, तिथे फाटली तर ती वरच्या थराला घ्यायची नाही, आत घालायची. जुनं रेशीम जरीच्या घडीवर चिरतं, त्याला खालून मलमल लावल्याशिवाय शिवू नका. लाल-मरून साडीवर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातोय का बघा, नाहीतर पहिल्या धुण्यात शेजारचा पांढरा तुकडा गुलाबी होतो. प्रत्येक साडीचा फोटो काढून, कुठली वर, कुठली आत, कुठली कापायची नाही हे व्हॉट्सॲपवर लिहून 'चालेल' असं उत्तर घ्या, निम्मे पैसे आगाऊ, मगच कात्री. उरलेले तुकडे अगदी बोटाएवढे असले तरी पिशवीत घालून परत करा. मी हे पहिल्यापासून करते, गोधडी हातात घेऊन जेवढ्या बायका रडल्यात तेवढ्याच ती तुकड्यांची पिशवी बघून रडल्यात. दर चौरस फुटाला ठरवा, म्हणजे पाळण्यापासून डबलबेडपर्यंत एकच हिशेब.

प्रदर्शनाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी घाई नको. पुण्यात भीमथडी जत्रा किंवा बचत गटात असाल तर मुंबईत महालक्ष्मी सरस, इथे हातकामाची कदर असलेला माणूस येतो, पण तिथे जायला माल साठलेला हवा. सोसायटीतल्या स्टॉलवर दिवाळीआधी उभं राहून बघा. भाड्याच्या चौपट-पाचपट विक्री होत नसेल तर परत तिथे जाऊ नका. इन्स्टावर सध्या पैसे घालू नका, शिवतानाचे व्हिडिओ टाका, पुरे.

कुरिअरमध्ये मात्र लक्ष द्या. गोधडी वजनाला कमी, आकाराला मोठी, आणि बरेच कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि तेच किलो धरतात. तीन किलोची गोधडी ५० बाय ४० बाय २५ च्या खोक्यात घातली की १० किलोचे पैसे! तीच दाबून, हवा काढून ४५ बाय ३५ बाय १२ च्या पिशवीत बसवली तर चार किलोच्या आत येते.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून टाका, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. वस्तूंची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, पण राज्याबाहेर किंवा मोठ्या साइटवरून विकायचं असेल तर नियम वेगळे आहेत, आधी सीएला विचारा.

आणि त्या ४० नगांचं. नाही म्हणू नका, पण ९०० च्या हिशेबाने हो पण म्हणू नका. नवा दर सांगा, आधी १० नग देते म्हणा, निम्मे आगाऊ आणि उरलेले माल पोचल्यावर, 'विकलं की देते' यावर पहिल्याच ऑर्डरला माल सोडू नका. पावसाळ्यात तारीख देताना आठवडा जास्तीचा मागा, धुतलेलं कापड नीट सुकलं नाही तर गोधडीला कुबट वास राहतो. ती दर ऐकून मागे फिरली तर तेवढ्याच वेळात साड्यांच्या दोन गोधड्या घ्या. काय म्हणाली ते इथे कळवा, मग पुढचं बघू.