अडल्ट आयसीयूतून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) आलेल्या नर्सताईंसाठी, माझा अनुभव

ताई, नऊ वर्षं अडल्ट आयसीयू केलंत आणि आता एनआयसीयूतल्या मुली हँडओव्हरलाही, म्हणजे ड्युटी बदलताना बाळांची माहिती देतानाही, तुटक बोलतात, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि माझेच दिवस आठवले. इंडक्शन, प्रोटोकॉल फाइल वगैरे झालंच असेल, ते सोडते.

माझी माती कुठे झाली ते सांगते. चौथी ड्युटी, 28 आठवड्यांतच जन्मलेलं बाळ ऑक्सिजनवर, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 91. अडल्टची सवय, हात आपोआप ऑक्सिजन वाढवायला गेला. शेजारची ज्युनिअर सिस्टर हळूच म्हणाली, थांबा, यांना 90 ते 95 च ठेवतो, जास्त दिला तर डोळ्याच्या पडद्याला त्रास होतो. बरोबर होतं तिचं. आणि मी काय बोलावं? "तू शाळेत होतीस तेव्हापासून व्हेंटिलेटर सांभाळतेय मी." तेही बाळाच्या आईसमोर. झालं! पुढे तीन महिने मला कोणी टोकेचना. अबोला परवडतो हो, पण किलोभराच्या बाळाच्या डोसात दशांशचिन्ह एक घर सरकलं की औषध दहापट जातं, तिथे टोकणारं माणूस लागतंच.

अर्थात सगळा दोष माझा नाही हां. नर्सिंग ऑफिसने दुसऱ्याच दिवशी मला रोस्टरला पूर्ण स्टाफ म्हणून धरलं. सोबत कोणीतरी द्या म्हणून तीनदा गेले, लेखी दिलं, उत्तर एकच, "तुम्ही तर अनुभवी आहात." म्हणजे त्या पोरीने तिची बाळंही बघायची आणि मलाही, मग ती वैतागणारच ना. कितीही मुरलेली नर्स नव्या विभागात पुन्हा नवशिकी होते हे नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनरबाईंनी 1984 लाच लिहून ठेवलंय, परीक्षेत सगळ्यांनी लिहिलेलंही असतं, रोस्टर करताना मात्र कोणाला आठवत नाही. जाऊदे.

"आमच्याकडे असं करायचो" हे वाक्य निदान दोन महिने गिळा, "इथे असं का करतात?" विचारा. कोणाला लागेल असं बोलला असाल तर माफी चारचौघांतच मागा. मी आधी चेंजिंग रूममध्ये गुपचूप मागितली, उपयोग शून्य, मग हँडओव्हरला सगळ्यांसमोर मागितली. नंतर डोस क्रॉसचेकला मुद्दाम त्या ज्युनिअरलाच हाक मारायचे. आणि हो, युनिटचे शॉर्टफॉर्म पहिल्याच आठवड्यात उतरवून घ्या, नंतर विचारायची लाज वाटते.

हे माझ्यापुरतं, आकडे तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणेच धरा. पण हँडओव्हरमध्ये मुद्दाम काही लपवत असतील तर गप्प बसू नका, तारीख-वेळ टाकून इन्चार्जला लेखी द्या आणि कॉपी स्वतःकडे ठेवा, माझी कॉपी नव्हती.